दोन्ही मशीन १५०० वॅटच्या, मग एकीचाच धूर दाट का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काकाजी, मी नागपुरात इव्हेंटचं काम नवीनच सुरू केलंय. माझ्याकडे दोन स्मोक मशीन आहेत, दोन्हींवर १५०० वॅट लिहिलेलं. एक सेकंडहँड, जुनी. ती हॉल भरून टाकते. दुसरी कोरी करकरीत, ती दोनदा जोरात मारते आणि मग नुसती ओली फुसफुसते. लिक्विड दोन्हीत एकाच कॅनमधलं. मे महिन्यात काटोल रोडच्या एका लॉनवर तर नवरा-नवरीच्या एंट्रीला दोघींनीही दगा दिला. वर माझा मित्र म्हणतो, याहून जास्त धूर माझी मुठीत मावणारी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, काढते. हे गणित काय आहे?"

मी नाटकांचे लाइट करतो, आणि लग्नसराईत पोटासाठी स्मोकही मारतो. वीसेक वर्षं झाली. हेच गणित मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढ. धूर मशीनमध्ये तयार होत नाही, तो मशीनच्या बाहेर तयार होतो. आणि तो धूरही नाही, कारण आत काही जळत नाही. मशीन फक्त लिक्विडची वाफ करते, आणि वाफ डोळ्याला दिसत नाही. चहाची किटली उकळताना तोटीकडे नीट बघ. तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि त्याच्या पुढे पांढरं सुरू होतं. त्या मोकळ्या जागेत खरी वाफ असते. पांढरं दिसतं ते म्हणजे गार हवा लागून त्या वाफेचे झालेले बारीक थेंब. आज रात्री घरातले दिवे मालव, मशीनच्या नोझलवर आडवा टॉर्च धर आणि एकदा मार. तिथेही तसाच मोकळा पट्टा दिसेल. तोंड मात्र लांब ठेव, त्या न दिसणाऱ्या पट्ट्यातच सगळ्यात जास्त भाजतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे करायला पाहिजेत. मशीन वाफ किती करते, हा एक. त्या वाफेचे थेंब किती होतात आणि किती वेळ टिकतात, हा दुसरा. तुझ्या नव्या मशीनचा रोग पहिल्या प्रश्नात आहे. लॉनवरची फजिती दोन्हींत मिळून आहे.

आता मशीनच्या पोटात जाऊ. आत एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. त्यात हीटर आणि एक नळी बसवलेली असते, आणि तो ठोकळा दोनशे अंशांच्या वर तापवून ठेवलेला असतो. बटण दाबलं की पंप घर्रर्र करत लिक्विड नळीत ढकलतो, ते क्षणात उडतं आणि फुगून नोझलमधून बाहेर पडतं. वॅट म्हणजे त्या हीटरची ताकद. लोक फक्त तेवढंच बघून मशीन घेतात. पण घरी धिरडं घालणाऱ्या बाईला विचार, बिडाचा जाड तवा आणि पत्र्याचा पातळ तवा यांत फरक काय? गॅस तोच, शेगडी तीच. पातळ तवा लवकर तापतो, पण त्यावर पीठ पडलं की गार पडतो आणि दुसरं धिरडं चिकटतं. जाड तवा वेळ खातो, पण एकामागून एक काढत जातो.

हिशोब करून बघ. आपलं लिक्विड म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. सोपं जावं म्हणून आधी नुसतं पाणी धरू. १ मिलिलिटर पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत न्यायला साधारण २९० जूल लागतात, आणि मग त्याची वाफ करायला आणखी २२५७. मिलिलिटरमागे २५५० जूल धर. १५०० वॅटचा हीटर मिनिटाला ९०,००० जूल देतो. भागलं की ३५ मिलिलिटर येतात. हीटर अखंड चालू असला तरी मिनिटाला एवढंच पाणी उडवू शकतो, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. ग्लायकॉल उडायला वजनामागे पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते, म्हणून प्रत्यक्षात लिक्विड थोडं जास्त उडेल. पण अंदाज हाच.

आता ठोकळा धर. २ किलो ॲल्युमिनियम ५० अंशांनी गार होतं तेव्हा तेही साधारण ९०,००० जूलच सोडतं. म्हणजे जड ठोकळ्याची मशीन पहिल्या मिनिटात हीटरचे ३५ आणि ठोकळ्यात साठवलेले ३५, असे ७० मिलिलिटर उडवते. ठोकळा अर्धा किलोचा असेल तर साठ्यातून जेमतेम ९ मिळतात. आणि आपल्या कामात पहिलं मिनिटच सगळं काही असतं. एंट्री काही अर्धा तास चालत नाही.

तुझी जुनी मशीन जड असणार आणि नवी हलकी. नवीत पंप मात्र दणकट टाकलेला दिसतो, कारण दुकानात दाखवताना पहिला झोत मोठा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. दोन झोतांत ठोकळा गार, पंप तरीही ढकलतोच, आणि अर्धं लिक्विड वाफ न होता पिचकारीसारखं बाहेर. चांगल्या मशीनला ठोकळा गार पडला की पंप बंद करणारा थर्मोस्टॅट असतो. त्यात हिरवा दिवा लागेपर्यंत बटण दाबूनही उपयोग नसतो, आणि माणसाला वाटतं मशीन खराब आहे. ती खराब नाही, प्रामाणिक आहे. पिचकारी मारणारीच धोक्याची. ते लिक्विड तेलकट असतं आणि स्टेजच्या प्लायवर पडलं की शालू नेसलेली नवरी घसरते. मी हे पाहिलंय. त्या दिवसापासून नोझलखाली जुनं पायपुसणं टाकल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

वॅट खरे आहेत का तेही तपास. क्लॅम्प मीटर, म्हणजे चिमट्यासारखं वायरला धरून करंट मोजणारं मीटर, एका वायरभोवती लाव आणि मशीन गार असताना सुरू कर. १५०० वॅटच्या हीटरने २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढले पाहिजेत. साडेचार दाखवत असेल तर ती १००० वॅटची मशीन आहे, स्टिकर बाकी १५०० चं.

आता लॉनची गोष्ट. तिथे मी नव्हतो, पण कोराडीकडच्या एका लॉनवर माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून सांगतो. लाइन गेलेली, जनरेटरवर लॉन चाललेलं. स्टेज जनरेटरपासून लांब, आणि मांडववाल्याने ओढलेल्या एकाच वायरवर माझी मशीन, स्टेजचे चार पार लाइट, दोन जम्बो कूलर आणि कोणीतरी आइस्क्रीमचं फ्रीझरही लावलेलं. मीटर लावलं तर १९० व्होल्ट. १९० म्हणजे २३० च्या जवळच की, असं वाटतं ना? हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १९० ला २३० ने भाग, उत्तराला त्याच उत्तराने गुण, हातात ०.६८ येतात. १५०० ची मशीन तिथे फक्त १०२० वॅटची झालेली होती. शिवाय पंपाचा ठोकाही मंद. लाइटवाल्याचा एलईडी मात्र १९० वर मजेत चालतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. त्या दिवसापासून मशीनची वायर मी स्वतःची नेतो, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची, आणि ती थेट मेन बोर्डावरून घेतो. मांडववाला तोंड वाकडं करतो, करू दे.

उरला दुसरा प्रश्न, बाहेरच्या हवेचा. आपल्या गावात हाच मोठा आहे. पुण्या-मुंबईचे लोक येऊन इथे मार खातात ते यामुळेच. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या, दिवसांत संध्याकाळी आठलाही हवा गरम आणि कोरडी ठाक असते. वाफ बाहेर आली की तिला गार हवा लागायला पाहिजे, तर थेंब धरणार. इथे हवाच तापलेली. जे थेंब धरतात त्यातलं पाणी कोरडी हवा लगेच ओढून घेते, थेंब लहान होतात, प्रोपिलिन ग्लायकॉलसुद्धा गरम हवेत लवकर विरतं. दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो त्या हवेत धूर टिकेल अशी अपेक्षा कशी करायची? हीच मशीन, हेच लिक्विड घेऊन डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांत, एखादी रात्रीची एंट्री कर. निम्म्या वेळेत स्टेज दिसेनासं होईल. पावसाळ्यात तर बंद हॉलमध्ये हात आखडता घ्यावा लागतो, कारण ग्लायकॉल दमट हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं आणि धूर हलतच नाही.

कूलरवाले म्हणतात की कूलरने हवा ओली होते, मग धूर टिकला पाहिजे. थोडं खरं आहे. पण जम्बो कूलरचा पंखा तुझा धूर पहिल्या पाच सेकंदांत पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलांवर नेऊन टाकतो, मग त्या ओलाव्याचा काय उपयोग? एंट्रीआधी दोन मिनिटं स्टेजजवळचे दोन कूलर बंद करायला सांग. वरबाप ओरडेल. मशीनच्या मागे उभं राहून दोन मिनिटं ऐकून घे.

बऱ्याच वेळा धूर असतोच, फक्त दिसत नाही. बारीक थेंबांवर पडलेला उजेड जास्त करून पुढच्याच दिशेने विखुरतो. म्हणून दिवा प्रेक्षकांच्या बाजूने मारला तर धूर फिकट, आणि स्टेजच्या मागून, थोडा तिरपा, प्रेक्षकांच्या दिशेने मारला तर तोच धूर दुधासारखा. मागे पांढरी एलईडी वॉल सुरू असेल तर दहा मशीन लावल्या तरी काही दिसणार नाही. एकदा एका नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक धूर वाढव, धूर वाढव म्हणून मागे लागले होते. मी मशीन बंद केली, समोरचे दोन दिवे विझवले आणि मागचा एक लावला. "आता बरोबर," म्हणाले. मी काही बोललो नाही.

मित्राच्या व्हेपबद्दल. आधी कायदा सांगतो. भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, त्याची जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवणंही गुन्ह्यात येतं. तेव्हा मित्राला इव्हेंटच्या सामानात ती ठेवू देऊ नको, आणि "विकत घेऊन ठेव, मागणी आहे" असं कोणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नको.

पण धुराचं कोडं तिथेही हेच, म्हणून समजून घे. व्हेपच्या लिक्विडचे मुख्य घटक आपल्याच स्मोक लिक्विडमधले, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटिन आणि वास. ठोकळ्याच्या जागी तारेची कॉइल आणि कापसाची वात. कॉइलचं वजन नगण्य, म्हणून ती एका सेकंदात तापते. साठा काहीच नाही, पण साठ्याची गरजही नाही, कारण एका झुरक्यात उडतं ते फक्त काही मिलिग्रॅम. आपण मिनिटाला कितीतरी ग्रॅम उडवतो. त्याचा ढग मोठा दिसतो, कारण तो तोंडाच्या हातभर अंतरात असतो. तो तुझ्या तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये सोड, मग सांग.

एका व्हेपचा ढग मोठा आणि दुसरीचा छोटा, याचं कारण कॉइलचा रोध. सेल ३.७ व्होल्टची. व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागायचं. १.२ ओहमची कॉइल असेल तर ११ वॅट, ०.२ ओहमची असेल तर ६८. सेल तेवढा करंट देऊ शकली पाहिजे, नाहीतर ती स्वतःच तापते, आणि खिशात तापलेली लिथियमची सेल काय करते ते सांगायला नको. मग वात लिक्विड किती वेगाने पुरवते ते, नाहीतर कापूस जळतो. मग हवेची भोकं. मोठ्या भोकांतून जास्त गार हवा येते, वाफ चटकन थेंब धरते. आणि ग्लिसरीन जास्त असलं की ढग दाट. वॅट, लिक्विड, हवा. तुझ्या मशीनचंच लहान रूप.

पण एक गोष्ट त्याला नक्की सांग. ढगाचा आणि निकोटिनचा संबंध नाही. ढग दिसतो तो ग्लिसरीन-ग्लायकॉलचा. पॉड नावाच्या छोट्या व्हेपमध्ये ढग नावापुरता असतो, पण त्यात निकोटिन सॉल्ट दाट घातलेलं असू शकतं. "माझी छोटी आहे, धूर कमी, म्हणजे त्रास कमी" हा हिशोब साफ चुकीचा. आणि आपला धूर हॉलभर पातळ होऊन नाकात जातो, तुझा मित्र मात्र त्याचा सरळ फुप्फुसात ओढतो. आपल्या धुराचंही मी कौतुक करत नाही. सलग तीन प्रयोग झाले की माझा घसा बसतो. दम्याचा पेशंट पहिल्या रांगेत असेल तर मी मशीन लांब नेतो.

जाता जाता एक गंमत. आजच्या ई-सिगारेटचे जनक मानले जाणारे चिनी औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमाराला जी बनवली, तिच्यात तापती तार हा मुख्य खेळ नव्हता, लिक्विड कंपनाने उडवायचं होतं. तीच जात तू दुकानांच्या काउंटरवर पाहिली असशील. काचेच्या वाडग्यात पाणी, आत चकती, वर पांढरं धुकं. ती चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचेच थेंब उडवते, तापवणं नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात ते धुकं वाडग्याच्या काठाबाहेर पोचत नाही, आणि बोअरचं पाणी घातलं तर आजूबाजूला क्षारांची पांढरी भुकटी बसते. लग्नाला निरुपयोगी.

एंट्रीला पायाशी ढग पाहिजे असेल तर ड्राय आइस. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डाय-ऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. गरम पाण्यात टाकला की वर येणारं पांढरं हे पुन्हा पाण्याचेच थेंब. गॅस जड आणि गार, म्हणून ते जमिनीला धरून राहतं. पाणी गार पडलं की खेळ संपला, तेव्हा टाकीतलं पाणी अगदी कडक ठेव. पण १ किलोमधून अर्ध्या घनमीटरहून जास्त गॅस निघतो आणि तो खालीच साचतो. एका बंद हॉलमध्ये फुलं उधळणारी चार-पाच वर्षांची पोरगी त्या ढगात बसली आणि तिला गरगरलं. मोठ्यांच्या गुडघ्याला असलेला ढग तिच्या नाकाला होता. लगेच उचलून बाहेर नेली, पाच मिनिटांत बरी झाली, पण माझे हातपाय गार पडले होते. लहान मुलं चालणार असतील तर मी ड्राय आइसचं काम घेत नाही. उघड्या लॉनवर ठीक आहे.

लिक्विडबद्दल थोडं. पाणी जास्त असलेलं लवकर विरतं. ग्लिसरीन किंवा ट्रायइथिलिन ग्लायकॉल असलेलं टिकतं, मे महिन्यात तेच घे. सुटं ग्लिसरीन आणून घरी घोटाळा करू नको. ग्लिसरीन २८० अंशांच्या आसपास तापलं की फुटतं आणि ॲक्रोलीन तयार होतं, डोळे चुरचुरतात आणि जळक्या तेलाचा वास येतो. सुटा माल कशात काय मिसळलेला असेल याचा भरवसा नाही. १९८६ साली मुंबईत औषधी म्हणून वापरलेल्या भेसळीच्या ग्लिसरीनने रुग्ण दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आणि गाडीचं कूलंट तर स्वप्नातही नको. तेही ग्लायकॉलच असतं, पण इथिलिन ग्लायकॉल, विषारी.

जुनी मशीनही एक दिवस फुसफुसायला लागेल, तेव्हा नळी चोंदलेली असेल. सिझन संपला की लिक्विड काढून थोडं डिस्टिल्ड वॉटर आणि पांढरं व्हिनेगर मिळून चालव, उघड्यावर, मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नाही, त्यातले क्षार त्या गरम नळीत दगड होऊन बसतात.

तर आता दोन कामं कर. दोन्ही मशीन रिकाम्या करून भाजीवाल्याच्या काट्यावर ठेव, आणि दोन्ही सुरू करून किती अँपिअर ओढतात ते लिहून घे. नवीला वायरचा रिमोट असेल आणि त्यावर आउटपुटचं गोल बटण असेल तर ते अर्ध्यावर आणून सलग एक मिनिट मारून बघ, पिचकारी थांबते का. किलो आणि अँपिअर कळव, मग ती ठेवायची की विकायची ते बोलू.